बुद्धीच्या शेताचे बांध

विद्येला चोराचें भय नाहीं, असें आपण सर्वच मुंजीच्या वयापासून ऐकत आलों आहों. सोनें चोरीस जाईल, जमीन भाऊबंदकींत जाईल, परंतु डोक्यांत आहे तें कोण नेणार, ह्या विश्वासावर आपल्या वाडवडिलांनीं एक वेळ उपाशी राहून मुलांना शिकविलें. तो विश्वास खोटा होता असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. मात्र डोक्यांतली विद्या जेव्हां हातांत उतरते, तिचें यंत्र होतें किंवा औषध होतें, तेव्हां ती चोरीसही जाऊं शकते, भाड्यानेंही देतां येते, आणि तिच्यावरून बारा बारा वर्षें दावेही चालतात. हे दावे चालविणारा वकील कोण, तो करतो तरी काय, आणि त्याच्या व्यवसायांत अर्थ किती व धर्म किती, हें आज वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे. त्यास निमित्त अगदीं घरगुती घडलें.

गेल्या वैशाखांत मामांच्या धाकट्या नातवाची मुंज होती म्हणून आम्ही मुरबाडास गेलों होतों. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या त्या रस्त्याच्या दोहों बाजूंस एके काळीं नुसतीं भाताचीं खाचरें असत. आतां मुरबाड जवळ येऊं लागलें कीं औद्योगिक वसाहतींतील पत्र्याच्या शेड दिसूं लागतात. आमच्या मामेबंधूंचें वर्कशॉप अशाच एका शेडमध्यें आहे. एक लेथ, दोन वेल्डिंगचीं यंत्रें व चार कामगार, एवढाच त्याचा विस्तार. भाताच्या झोडणीसाठीं पायानें चालविण्याचें जें यंत्र मिळतें, त्यांत दाणा बाहेर उडूं नये व पेंढाही मोडूं नये अशी एक सुधारणा ह्या गृहस्थांनीं तीन पावसाळे खटपट करून साधली. यंत्र उत्तम चाललें. आनंदाच्या भरांत त्यांनीं तें एका कृषिप्रदर्शनांत मांडलें, येईल त्याला उघडून दाखविलें, आणि त्याचें चलच्चित्र दूरध्वनीवरून ओळखीच्या सर्वांस धाडलें. चौदा महिन्यांनीं दुसऱ्या एका तालुक्यांत तसेंच यंत्र निम्म्या किमतींत विकलें जात असल्याचें त्यांस कळलें.

तेव्हां ते मुंबईस एका वकीलबाईंकडे गेले. बाईंनीं सर्व हकीकत शांतपणें ऐकून घेतली आणि पहिलाच प्रश्न केला, "पेटंटाचा अर्ज कोणत्या तारखेचा आहे?" अर्ज नव्हताच. आतां करतों म्हटलें, तर बाई म्हणाल्या, "आतां उपयोग नाहीं. पेटंट नव्या गोष्टीला मिळतें, आणि तुमची गोष्ट तुम्हींच जुनी करून ठेवलीत." सरकारनें राजपत्रांत ज्यांची नांवें जाहीर केलीं असतील अशाच प्रदर्शनांची सूट कायद्यांत आहे, आणि तीही बाराच महिन्यांची. हें प्रदर्शन त्या यादींतलें नव्हतें, आणि बारा महिनेही उलटून गेले होते. मामेबंधु परत आले ते मुकाट्यानें.

ह्या प्रसंगानें घरांत एकट्याच माणसाला वाट दिसली, ती म्हणजे त्यांच्या कन्येला. ती यंत्रशास्त्राची पदवीधर, पुण्यास एका कारखान्यांत दोन वर्षें नोकरी केलेली. मुंजीच्या आदल्या दिवशीं माजघरांत सर्व मंडळी लाडू वळीत बसलीं असतां तिनें सांगून टाकलें, "आजोबा, मी नोकरी सोडून कायदा शिकणार आहे. मला पेटंटाची वकिली करायची आहे."

मामा जन्मभर शाळामास्तर. ते कांहीं वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "बाळ, ह्या गांवांत वकील म्हणजे बांधाचा, वाटणीचा आणि वहिवाटीचा. आणि थोर वकील म्हणशील, तर आम्हां जुन्या लोकांना एकच आठवतात, ते भाई कोतवाल. माथेरानचा माणूस, वकिलीची सनद घेतलेली, आणि देह ठेवला तो आमच्या सिद्धगडावर. तूं ज्यांची वकिली करणार म्हणतेस त्या तर बड्या कंपन्या. तेथें तुझ्या बापासारख्याचा काय संबंध?"

भाई कोतवाल १९४३ सालच्या २ जानेवारीस सिद्धगडच्या रानांत गोळीस बळी पडले, हें मुरबाड तालुक्यांत शाळकरी मुलांसही ठाऊक आहे. त्या नांवापुढें कन्या निरुत्तर झाली. मामांनीं मग आमच्याकडे मोहरा वळविला : "तूं मासिकांतून लिहितोस ना? मग चौकशी कर आणि मला समजेल असें सांग. नंतर पाहूं." मामांस जें लिहिलें तेंच थोडें विस्तारून येथें देत आहों, कारण असा प्रश्न आज एकाच घरांतला राहिलेला नाहीं.

प्रथम शब्दाचा उलगडा करूं. बुद्धीनें निर्माण केलेल्या वस्तूवरील हक्कास बौद्धिक संपदा म्हणतात, आणि ती आपल्या घरांतही चहूंकडे पसरलेली आहे. वाचक हें पान वाचीत आहेत त्याचा हक्क कॉपीराइटचा. तो लेखकाच्या हयातींत व त्यानंतर साठ वर्षें टिकतो. पापडाच्या पुड्यावरील नांव व चिन्ह हा ट्रेडमार्क. तो दर दहा वर्षांनीं नवा करीत गेल्यास कितीही काळ चालतो. पुणेरी पगडी किंवा वारली चित्रकला ह्यांस मिळालें आहे तें भौगोलिक उपदर्शन. तें एका माणसाचें नसून एका प्रदेशाचें व तेथील कारागिरांचें असतें. आणि यंत्र, औषध, रासायनिक कृति ह्यांतील नव्या शोधावरचा हक्क तो पेटंट. त्याची मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षें.

पेटंट हा सरकारशीं केलेला एक सौदा आहे. सरकार म्हणतें, तुझी युक्ति लपवूं नकोस, सर्व लिहून दे. त्या बदल्यांत वीस वर्षें दुसऱ्या कोणास ती वापरूं देणार नाहीं. मुदत संपली कीं ती युक्ति सर्व जगाची. पेटंट ह्या शब्दाचा मूळ अर्थच 'उघडें' असा आहे. आपल्याकडे कित्येक हातचीं औषधें व कारागिरीचीं रहस्यें बापानें मुलालाही न सांगतां स्वतःबरोबर नेलीं. तसें होऊं नये म्हणून ही व्यवस्था आहे.

हिंदुस्थानांत ह्या कायद्याचा प्रारंभ १८५६ सालीं झाला. त्या वर्षीं कलकत्त्याचे एक इंजिनियर जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग ह्यांनीं पहिला अर्ज केला, आणि तो कशाबद्दल म्हणाल, तर पंखा ओढण्याच्या सुधारलेल्या यंत्राबद्दल! पुढें १९११ सालचा कायदा आला. स्वराज्यानंतर न्यायमूर्ति राजगोपाल अय्यंगार ह्यांनीं १९५९ सालीं जो अहवाल दिला त्यावरून १९७० चा कायदा झाला, आणि त्यांत औषध व अन्न ह्या पदार्थांवर पेटंट देणें बंद केलें. ते बनविण्याच्या कृतीवर मात्र मिळे. स्वस्त औषधें बनविणारे आपले कारखाने वाढले ते ह्याच काळांत. नंतर जागतिक व्यापार संघटनेचा करार १९९५ पासून अंमलांत आला, आणि त्याप्रमाणें १ जानेवारी २००५ पासून औषधांवरही पेटंट देणें आपल्यास भाग पडलें. ह्या वकिलीचा आजचा पसारा बराचसा त्यानंतरचा आहे.

मराठी माणूस ह्या क्षेत्रांत नवा आहे असें मात्र नाहीं. मुंबईस १८६७ सालीं जन्मलेले शंकर आबाजी भिसे ह्यांनीं दुकानांतील जिन्नस आपोआप तोलून देण्याच्या यंत्रापासून छापखान्याचे खिळे पाडण्याच्या यंत्रापर्यंत अनेक शोध लावले व लंडन आणि अमेरिका येथें त्यांचीं पेटंटें घेतलीं. दादाभाई नौरोजींनीं त्यांस हात दिला. तरीही त्यांच्या खिळ्यांच्या यंत्रास लंडनमध्यें पुरेसें भांडवल उभें राहिलें नाहीं. शोध लागणें, पेटंट मिळणें आणि पैसा मिळणें ह्या तीन निराळ्या पायऱ्या आहेत, हें भिशांच्या चरित्रावरून ज्यानें ओळखलें त्याला हा व्यवसाय निम्मा समजला.

आतां वकिलाच्या कामाकडे वळूं. मामांनीं बांधाचा उल्लेख थट्टेनें केला. परंतु आम्हांस चौकशीअंतीं असें दिसलें कीं पेटंटाचा वकीलही बांधाचाच वकील आहे. प्रत्येक पेटंटाच्या शेवटीं कांहीं क्रमांकित वाक्यें असतात; त्यांस क्लेम म्हणतात. शोधकाचें शेत कोठून कोठपर्यंत, हें तीं वाक्यें सांगतात. प्रतिवादी बांधाच्या आंत शिरला कीं बाहेरच राहिला, एवढाच बहुतेक दाव्यांचा मुद्दा असतो. भेद इतकाच कीं शेताचा बांध डोळ्यांना दिसतो, आणि येथें तो शब्दांचा असतो. 'दोन' म्हणजे दोनच कीं निदान दोन, 'जवळ' म्हणजे किती जवळ, ह्यावर नामांकित वकिलांचे दिवसचे दिवस जातात. आणि प्रतिवादी नेहमीं दुसरेंही एक अस्त्र काढतो : ही जमीन मुळांत तुमची नव्हेच, हें तर पूर्वींपासून लोकांना ठाऊक होतें, म्हणून तुमचें पेटंटच रद्द करा!

महाराष्ट्राच्या परिचयाचें एक उदाहरण घेऊं. आकुर्डीच्या बजाज ऑटो कंपनीनें मोटारसायकलच्या लहान इंजिनांत एकाऐवजीं दोन स्पार्क प्लग बसवून पेट्रोलचें ज्वलन सुधारण्याच्या योजनेबद्दल २००२ सालीं अर्ज केला व २००५ सालीं पेटंट मिळविलें. २००७ सालीं दक्षिणेकडील टीव्हीएस कंपनीनें दोन प्लगांची 'फ्लेम' ही गाडी जाहीर केली. प्रकरण मद्रासच्या उच्च न्यायालयांत गेलें. टीव्हीएसचें म्हणणें असें कीं दोन प्लगांची कल्पना जुनी आहे, आणि आमच्या इंजिनास झडपा तीन आहेत, म्हणून तें निराळें आहे. बजाजचें म्हणणें असें कीं इतक्या लहान इंजिनांत ही योजना यशस्वी करणें हाच शोध आहे, मग झडपा किती कां असेनात. फेब्रुवारी २००८ मध्यें न्यायालयानें टीव्हीएसला तात्पुरती मनाई केली. मे २००९ मध्यें दोन न्यायाधीशांच्या खंडपीठानें ती उठविली. आणि सप्टेंबर २००९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें असा आदेश दिला कीं अशा दाव्यांची सुनावणी रोजच्या रोज चालवून साधारणपणें चार महिन्यांत निकाल द्यावा, कारण तात्पुरत्या मनाईवरच वर्षें खर्चीं पडून मुख्य दावा तसाच राहतो. आदेश उत्तम होता; परंतु हें भांडण मिटलें तें २०१९ सालीं, आणि तेंही आपसांत समेट होऊन! दाव्याची तारीख आणि समेटाची तारीख ह्यांत बारा वर्षांचें अंतर आहे. तेवढ्यांत घरांतलें मूल पहिलीपासून बारावीपर्यंत जातें.

असा दावा लढणाऱ्यास काय काय करावें लागतें तें पाहा. प्रथम त्यास इंजिन स्वतः समजावें लागतें. कारखान्यांत जाऊन, सुटे भाग हातांत घेऊन, इंजिनियरांना शंका विचारून. मग जगांतील जुनीं पेटंटें व जुनीं शास्त्रीय मासिकें धुंडाळून त्या शोधासारखें पूर्वीं कांहीं छापलें गेलें आहे काय, हें तपासावें लागतें. तज्ज्ञांचीं प्रतिज्ञापत्रें तयार करावीं लागतात व दुसऱ्या बाजूच्या तज्ज्ञाची उलटतपासणी घ्यावी लागते. त्या वेळीं समोर प्राध्यापक असतो आणि चूक दाखवायची असते ती त्याच्याच विषयांत. शेवटीं हें सर्व न्यायाधीशांस समजावून द्यावें लागतें. त्यांनीं कदाचित् शास्त्र मॅट्रिकपर्यंतच शिकलेलें असेल. चांगला शिक्षक व चांगला वकील ह्यांत येथें फारसें अंतर राहत नाहीं, हें मामांस आम्हीं मुद्दाम लिहिलें.

इंजिनापेक्षांही मोठे दावे आतां दूरध्वनीवरून होतात. दोन कंपन्यांचे फोन एकमेकांशीं बोलूं शकावेत म्हणून सर्वांनीं कांहीं ठराविक तंत्रें वापरावींच लागतात, आणि त्यांवर ज्यांचीं पेटंटें आहेत त्यांनीं तीं वाजवी दरानें सर्वांस द्यावीं असा दंडक आहे. वाजवी म्हणजे किती, हाच वाद. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीनें भारतांतील लावा कंपनीवर लावलेल्या अशाच दाव्यांत दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनीं मार्च २०२४ मध्यें दोनशें चव्वेचाळीस कोटी रुपयांची भरपाई ठरविली. संगणकाच्या आज्ञावलीबद्दल आपला कायदा असें म्हणतो कीं नुसत्या आज्ञावलीस पेटंट नाहीं. तिला कॉपीराइटचें संरक्षण आहे. मात्र तिच्यामुळें कांहीं तांत्रिक परिणाम घडून येत असेल तर तो विचारांत घ्यावा, असें दिल्ली उच्च न्यायालयानें २०१९ सालीं सांगितलें. ही रेषा नेमकी कोठें ओढायची, ह्यावर पुढील कित्येक वर्षें वकिलांस काम पुरेल.

येथपर्यंत वाचून मामा म्हणतील, "म्हणजे कंपन्यांचींच भांडणें." त्यांचा खरा प्रश्न धर्माचा होता, आणि त्याचें उत्तर मुंबईतच सांपडतें. यकृताच्या व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील 'नेक्सावर' हें औषध जर्मनीच्या बायर कंपनीचें. त्याच्या एका महिन्याच्या गोळ्यांची किंमत २,८०,४२८ रुपये होती. कोणत्याही मध्यमवर्गीय कुटुंबास घर विकल्यावांचून तें घेतां येणें अशक्य. आपल्या कायद्यांत अशी तरतूद आहे कीं पेटंट देऊन तीन वर्षें झाल्यावर वस्तु लोकांस पुरेशी मिळत नसेल, परवडत नसेल किंवा तिचा ह्या देशांत उपयोग केला जात नसेल, तर दुसऱ्यास ती बनविण्याचा परवाना देतां येतो. हैदराबादच्या नॅटको कंपनीनें तसा अर्ज केला, आणि मार्च २०१२ मध्यें मुंबईच्या पेटंट कार्यालयांतून भारतांतील असा पहिला सक्तीचा परवाना मिळाला. किंमत महिन्यास ८,८०० रुपये. बायरला विक्रीवर स्वामित्वधन देण्याची अट होतीच. बायरनें मुंबई उच्च न्यायालयांत दाद मागितली, ती जुलै २०१४ मध्यें फेटाळली गेली. त्याच सुमारास, १ एप्रिल २०१३ रोजीं, नोव्हार्टिस कंपनीच्या रक्ताच्या कर्करोगावरील औषधासंबंधीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं जुन्याच द्रव्याचें नवें रूप काढलें एवढ्यानें पेटंट मिळणार नाहीं; रोग्यास त्याचा अधिक गुण आला पाहिजे.

ह्या दोन्ही खटल्यांत दोन्ही बाजूंस वकील होते, आणि दोन्ही बाजूंचें कांहीं म्हणणें होतें. औषध शोधण्यास अपार खर्च येतो व तो भरून न आल्यास पुढचें औषध कोण शोधणार, हें एकीकडचें म्हणणें. औषध आहे पण तें रोग्याच्या तोंडापर्यंत पोंचत नाहीं, तर तें असून काय, हें दुसरीकडचें. आमच्या मतें तरुण वकिलानें ह्या दोन्ही म्हणण्यांची धार जाणून घेतली पाहिजे. मग कोणत्या दाव्याचें वकीलपत्र घ्यावें हें तो स्वतःच्या मनास विचारूं शकेल.

मुंज आटोपल्यावर आम्ही शहापुरास मामेबहिणीकडे दोन दिवस राहिलों. अंगणांतून माहुलीच्या किल्ल्याचे सुळके दिसतात. आम्हांस थोडी कसर वाटत होती, म्हणून बहिणीच्या सासूबाईंनीं गुळवेलीचा काढा करून दिला. ही गुळवेल त्यांच्याकडे आली ती एका कातकरी बाईकडून. शहापूर तालुक्यांतील कातकरी तरुणांनीं वनधन केंद्राच्या द्वारें गुळवेल गोळा करून, वाळवून, औषधी कंपन्यांस विकण्याचा उद्योग उभा केला आहे. २०२० च्या साथींत त्यास मोठीच मागणी आली. काढा पितां पितां आमच्या मनांत प्रश्न आला : उद्यां एखाद्या परदेशी संस्थेनें ह्याच काढ्यावर पेटंट घेतलें तर?

हा प्रश्न कल्पनेंतला नाहीं. मार्च १९९५ मध्यें अमेरिकेंत हळदीनें जखम भरून येते ह्या 'शोधा'स पेटंट देण्यांत आलें होतें! आपल्या घरोघरीं मुलाचा गुडघा फुटला कीं आई जें करते, तो हा शोध. तेव्हां वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख, गोव्यांतील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर ह्यांच्या नेतृत्वाखालीं त्या पेटंटास हरकत घेण्यांत आली. आमची आजी हें करीत असे, एवढें सांगून तेथें भागत नव्हतें. लेखी पुरावा हवा होता. मग संस्कृत, उर्दू व हिंदी ग्रंथांतील उतारे आणि १९५३ सालच्या एका भारतीय वैद्यकीय मासिकांतील लेख असा बत्तीस आधारांचा संग्रह पुढें ठेवण्यांत आला, आणि १९९७ सालीं तें पेटंट रद्द झालें. पुढें २००१ पासून आपल्या आयुर्वेदादि ग्रंथांतील माहिती परदेशी परीक्षकांस वाचतां येईल अशा रूपांत एकत्र करण्याचें मोठें काम हातीं घेण्यांत आलें. आपल्या कायद्यानेंही परंपरागत ज्ञानावर पेटंट नाकारलें आहे. आणि २००२ च्या जैवविविधता कायद्यानें, येथील वनस्पतीवर आधारलेल्या शोधाचें पेटंट घेण्यापूर्वीं राष्ट्रीय प्राधिकरणाची संमति आवश्यक केली.

जो लिहीत नाहीं त्याचें ज्ञान लुटलें जाण्याची भीति अधिक, हा ह्यांतील धडा. चंद्रपूर जिल्ह्यांतील नांदेड ह्या खेड्याच्या दादाजी खोब्रागडे ह्या अल्पभूधारक शेतकऱ्यानें १९८० च्या दशकांत आपल्या शेतांतील निराळ्या लोंब्या निवडून निवडून 'एचएमटी' हा तांदूळ सिद्ध केला. घड्याळाच्या नांवाचा हा तांदूळ वाचकांनीं खाल्लाही असेल. सन्मान पुष्कळ मिळाले, परंतु दादाजी २०१८ सालीं वारले ते गरिबींतच. शेतकऱ्याच्या वाणाची नोंद करण्याचा कायदा २००१ सालीं झाला; तोंवर त्यांचें बी गांवोगांव पोंचलेलें होतें. मुरबाडचे आमचे मामेबंधु व नांदेडचे दादाजी ह्या दोघांचें दुखणें एकच : योग्य वेळीं योग्य माणूस शेजारीं नव्हता.

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी. बारावीनंतर पांच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून, सनद घेऊन व वकिलांची अखिल भारतीय परीक्षा उतरून वकिली करतां येते. पेटंट कार्यालयापुढें अर्ज चालविण्यासाठीं पेटंट एजंटची परीक्षा निराळी आहे, आणि तिला शास्त्राची किंवा इंजिनियरिंगची पदवी लागतेच. नुसती कायद्याची चालत नाहीं. म्हणून जिच्यापाशीं दोन्ही पदव्या असतील तिला ह्या क्षेत्रांत मान विशेष. पेटंटाच्या उल्लंघनाचा दावा जिल्हा न्यायालयाच्या खालीं चालत नाहीं, आणि प्रतिवादीनें पेटंटच रद्द करा अशी उलट मागणी केली कीं तो उच्च न्यायालयांत जातो. अर्थात् मुरबाडच्या किंवा शहापूरच्या कोर्टांत हा दावा उभा राहणार नाहीं. मुलीस मुंबई किंवा दिल्ली गांठावी लागेल.

कष्टांविषयीं आम्ही कांहीं लपवीत नाहीं. ज्येष्ठ वकिलाच्या हाताखालीं पहिलीं वर्षें मिळकत तुटपुंजी असते, आणि इंजिनियरची नोकरी सोडून आलेल्यास ती फार बोंचते. रात्रीं जागून वाचावें लागतें. मोठा अशील मोठी फी देतो, पण त्याबरोबर त्याची घाईही येते. मुलीनें हें झेपवावें काय, असें कोणी विचारील, तर नाशिकास १८६६ सालीं जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डास कायदा शिकल्या, आणि तरीही स्त्रियांस वकिलीची परवानगी देणारा कायदा होण्यास १९२३ साल उजाडावें लागलें, हें आठवावें. तें दार इतक्या कष्टानें उघडलेलें आहे. घरच्यांनीं तरी तें पुन्हां लोटूं नये.

आणि ज्यांच्या घरांत कोणी खटपट्या माणूस आहे, त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. युक्ति सुचली कीं आधीं तारखेसह लिहून काढावी. यंत्र शेजाऱ्यास दाखविण्यापूर्वीं तात्पुरत्या वर्णनाचा अर्ज करावा; एकट्या व्यक्तीस त्याची सरकारी फी संगणकावरून भरल्यास सोळाशें रुपये पडते, आणि पूर्ण वर्णन देण्यास बारा महिने मिळतात. शेती करण्याच्या पद्धतीवर पेटंट नाहीं, पण शेतीच्या यंत्रावर मिळूं शकतें. दाखविण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे, आणि आमच्या मतें तोच सर्वांत कठीण भाग आहे.

हें सर्व लिहून पाठविल्यावर मामांचें उत्तर तीन आठवड्यांनीं आलें. त्यांनीं पत्र दोनदां वाचलें होतें व बायरच्या खटल्यांतील आंकड्यांखालीं तांबड्या शाईनें रेघ ओढली होती. ते लिहितात : "कोतवालांशीं तुलना मी केली ती चुकीची होती. तसा माणूस शतकांत एखादा होतो. पण मुलाच्या यंत्राची तारीख विचारणारा कोणी ह्या तालुक्यांत असता, तर त्याची तीन वर्षें फुकट गेलीं नसतीं, हें मला पटलें. मुलगी जाऊं दे. पहिल्या वर्षाची फी माझ्या पेन्शनींतून. अट एकच. मोठ्या कंपन्यांचें काम तिनें खुशाल करावें, परंतु महिन्यांतून एक रविवार मुरबाडास यावें, आणि ज्याला विचारायचें असेल त्याला विचारूं द्यावें."

कन्येनें अट मान्य केली आहे. येत्या पावसाळ्यांत ती मुंबईस जाईल. मामेबंधूंनीं आपल्या यंत्रांत आणखी एक फेरफार केला आहे म्हणतात. तो कोणता, हें आम्हीं दूरध्वनीवरून विचारलें, तेव्हां ते हंसले आणि म्हणाले, "यंत्रावर सतरंजी घालून ठेवली आहे. अर्जाचा नंबर येऊं द्या, मग दाखवितों."

आम्हीं पुन्हां विचारलें नाहीं.